जॅक काढून ठेवणारा दामू

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या माझ्या दुकानात एका टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून बसलो होतो. त्याच्या मेहुण्याचा फोन. "दामूदादा गेला. सकाळीच. ताई बोलली, तुमाला कळवायला," एवढंच तो बोलला. कसं झालं, कधी नेणार, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं, "त्याची गिटार कुठाय?" मेहुणा गोंधळला. "घरातच हाय की..." आज इतके आठवडे उलटले तरी त्या प्रश्नाची लाज वाटते. पण तो उगाच तोंडातून निघाला नव्हता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. हळदी, बारशी, सत्यनारायण, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत एखाद्या गावचा कार्यक्रम. पार्टी भाऊंची. ते गायचे, सुपाऱ्या घ्यायचे आणि सगळ्यांना रागवायचे. मी मिक्सरवर. रेडिओ-टेप दुरुस्त करणारा माणूस म्हणून वायरीतलं जे काही असेल ते माझ्या शब्दावर चालायचं. दामू मुरबाडच्या पुढचा, म्हशाच्या रस्त्यावरच्या गावातला. भातशेती घरची, नोकरी मुरबाडच्या कारखान्यात, आणि खांद्याला चार तारांची बेस गिटार. आमच्या भागात तेव्हा बेस वाजवणारा दुसरा माणूस मी पाहिला नव्हता. लोक त्याला विचारायचे, "दादा, तुमच्या गिटारच्या दोन तारा कुठं पडल्या?" तो सांगायचा, "बायकोनी कपडे वाळत घालायला नेल्या."

कार्यक्रमाआधी आमचा एक रिवाज होता. दामू स्टेजवरून सगळ्यात जाड तार छेडायचा आणि मंडपभर ओरडायचा, "आला का रे, पक्या?" मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरपाशी. मी हात वर करून ओरडायचो, "आला!" त्याशिवाय तो पुढे वाजवायचाच नाही. स्टेजवरच्या माणसाला लांबचा आवाज कळत नाही. तिकडे काय पोचलं, हे दुसऱ्याने सांगावं लागतं.

पोचायची मात्र त्याच्या तारेपेक्षा घरघर जास्त. हळदीच्या मांडवात वीज कुणाच्या तरी ओटीवरून ओढलेली, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि गिटारची वायर लांबच लांब. त्यावर इलाज म्हणजे डीआय बॉक्स. हाताच्या पंजाएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने मिक्सरकडे. घरघर मध्येच अडते आणि तार तेवढी पुढे जाते. ती घ्यायला आम्ही दोघं मुंबईला गेलो. दुकानदाराने आमच्या ऐपतीतल्या दोन समोर ठेवल्या. एक जड, आत ट्रान्सफॉर्मर, सेल-बिल काही लागत नाही. पण त्या स्वस्त डबीतून जाड तार जरा गढूळ यायची. दुसरी हलकी, चौकोनी सेलवर चालणारी, आवाज एकदम स्वच्छ. दामू जड डबी हातात तोलत राहिला. "ही घेऊ रे. आपल्या टेम्पोत ही वाचंल. डोक्यात घातली कोणाच्या, तरी वाजंल." मी म्हटलं, "डोक्यात घालायला नाय, ऐकायला घेतोय." दुकानदार हसला, दामूही हसला, आणि आम्ही सेलवाली घेतली. निवड माझी.

त्या डबीच्या बाबतीत मी एक पद्धतही पाडली. मांडवात पोचल्यावर गडबड नको म्हणून डबी आणि तिच्या वायरी एकमेकांत खोचलेल्याच ठेवायच्या, तशाच गुंडाळायच्या आणि ट्रंकेत टाकायच्या. पुढच्या कार्यक्रमाला काढलं की तयार. "जोडणीला कोणी हात लावायचा नाय," हा माझा नियम. महिन्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मी स्वतः सेल बदलायचो आणि निर्धास्त व्हायचो.

सुरुवातीचे कार्यक्रम सुरेख गेले. मग एका हळदीत ऐन गाण्यात बेसचा आवाज फाटला, चुरचुरला आणि बसत गेला. मी लांबून ऐकून निकाल दिला, "गिटारच्या आतल्या वायरीचा टाका सुटलाय." दामूने घरी जाऊन टाका मारला. पुढच्या वेळी नवा सेल होता, त्यामुळे आवाज ठणठणीत आला, आणि माझाच निकाल खरा ठरला. काही दिवसांनी पुन्हा तेच. त्याने आतली सगळी वायर बदलली. तिसऱ्यांदा झालं ते मुरबाडकडच्याच एका हळदीत, त्याच्या ओळखीच्या गावात. दिवेलागण झाली होती, बाया नाचत होत्या. दामू गाण्याच्या मध्येच तार छेडून माझ्याकडे बघत ओरडला, "आला का? पक्या, आला का रे?" मी नाही अशी मान हलवली. तेवढ्यात भाऊंनी कीबोर्डवाल्याला खूण केली. त्याने डाव्या हाताने बेस धरला आणि गाणं तसंच पुढे गेलं. नाचणाऱ्यांतलं कोणीही थांबलं नाही. दामू गिटार गळ्यात घेऊन गाणं संपेपर्यंत उभा होता.

उतरल्यावर भाऊ त्याला म्हणाले, "दामू, तुझी गिटार बसली रे आता. रविवारी नको येऊस, बघू पुढचं पुढे." दामू माझ्याकडे वळला. "पक्या, तू सांग ना. तू बोलला तर भाऊ ऐकतील." मी वायरी गुंडाळत होतो. म्हटलं, "एकदा दाखवून घे ना कोणाला तरी मुंबईत." गुंडाळताना डबीत वायर खोचलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी डबी उघडली आणि सेलला मीटर लावला. गिटारकडचा जॅक, म्हणजे वायरीच्या टोकाची पिन, आत असला की काटा हलायचा, जॅक काढला की काटा शून्यावर. त्या डबीला वेगळं बटणच नव्हतं, जॅक हेच तिचं बटण. म्हणजे ट्रंकेत पडल्या पडल्या, दिवसरात्र, ती सेल पीत होती. माझ्या नियमामुळे. दामूच्या गिटारला कधीच काही झालं नव्हतं. त्याच दुपारी मी म्हशाचा रस्ता धरायला हवा होता, निदान भाऊंना तरी सांगायला हवं होतं... मी डबीला झाकण लावलं. पार्टीत माझ्या शब्दाला जी किंमत होती, तिच्यापलीकडे माझ्याजवळ फार काही नव्हतं. रविवार गेला, मग पुढचे रविवार गेले. दामूला परत कोणी बोलावलं नाही. पुढे पार्टीही मोडली.

तो मात्र वाजवत राहिला. एकटाच, घरी. कारखान्यातून आला की पडवीत बसून. नुसता बेस, म्हणजे गाण्याच्या खालची चाल तेवढी. वर गाणं नाहीच. त्याची बायको, आमच्या वहिनी, सांगत होत्या, शेजारची म्हातारी ओटीवरून विचारायची, "दामू, गाना कवा चालू व्हायचा?" तो म्हणायचा, "चालूच हाय गो आये, तुला ऐकू येत नाय." कुठलं गाणं ते वहिनींनाही ओळखू यायचं नाही. त्यांनी विचारलं की तो नाव सांगायचा, आणि मग त्यांना ते ऐकू यायला लागायचं.

मी त्याच्याकडे गेलो तो थेट यंदा, पोटाच्या दुखण्याने तो घरी बसला तेव्हा. खूप वाळला होता. पण गिटार पुसलेली, शेजारी छोटा स्पीकर, आणि मध्ये एक जुनी, रंग उडालेली डीआय डबी. चांगल्यातली, ट्रान्सफॉर्मरवाली. कुठल्याशा मोडलेल्या पार्टीकडून घेतली होती. "बघ, घरघर हाय का?" नव्हती. त्याने थोडं वाजवलं, दमला, आणि गिटार खाली ठेवण्याआधी डबीतला जॅक काढून बाजूला ठेवला. मी सवयीने बोलून गेलो, "अरे, हिला सेल नाय. जॅक राहिला तरी चालतो."

"माहीत हाय मला," दामू म्हणाला. "सवय लागली."

कधी लागली, कशाने लागली, हे मी विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. वहिनींना हाक मारून चहा टाकायला सांगितला, साखर जास्त घाल म्हणाला, पक्याला गोड लागतो. म्हणजे जॅक आणि सेलचं सगळं त्याला कळलं होतं. कधी, कोण जाणे. मी समोर बसून तो गोड चहा प्यालो. बोलायला वेळ होता, जागा होती, ऐकणारा समोर होता. "येतो रे," म्हणून उठलो.

दिवसकार्याला गेलो तेव्हा वहिनींनी गिटार आणि डबी माझ्यापुढे ठेवली. "भाऊजी, तुमी न्या. इथं कोणाला कळतंय त्यातलं?" मला नाही म्हणता आलं नाही, आणि जे म्हणायला हवं होतं तेही आलं नाही. म्हणून ते इथे लिहिलं. वहिनी, हे छापून आलं की तो पेपर तुमच्यापर्यंत मी स्वतः घेऊन येणार आहे.

परवा दुकानाचं शटर अर्धं ओढून मी डबी जोडली. वाजवता मला येत नाही. जाड तार नुसती छेडली. घरघर नाही, काही नाही, आवाज स्पीकरमधून सरळ आला आणि काचेच्या कपाटात घुमला. तार छेडायला मी, ऐकायलाही मीच. मग रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हटलं, "आला रे, दामू. तेव्हापण येत होता."

आणि उठताना जॅक काढून बाजूला ठेवला.