पिल्लांचे ध्वनिमुद्रण

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं माझी अशी समजूत होती की ‘ळ’ आणि ‘ण’ नीट उच्चारणारं पुण्यात माझ्याशिवाय फारसं कुणी उरलेलं नाही. शेतीवरचे माहितीपट करणाऱ्या एका सरकारी कचेरीने ही समजूत आणखी पक्की केली. परदेशी इंग्रजी माहितीपटांना मराठी आवाज द्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं आणि माझी निवड झाली. दर रविवारी सकाळी मी डबिंगला जात असे. ‘डबिंग’ हा शब्द मी शिक्षकांच्या खोलीत दिवसातून दोनदा तरी वापरत असे, कारण तो तिथे दुसऱ्या कुणालाच वापरता येत नव्हता.

एकदा कोंबडीपालनावरचा माहितीपट आला. नेहमीचे भाषांतरकार आजारी होते. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आपण भाषांतरही कराल का? मी जरा आढेवेढे घेऊन, म्हणजे लगेच, हो म्हटलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक वाक्य आलं: पिल्लांचं ‘डबिंग’ पहिल्याच दिवशी करावं, म्हणजे पुढे ती एकमेकांना इजा करत नाहीत. आता डबिंग म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज होती का? मी लिहिलं, ‘पिल्लांचे ध्वनिमुद्रण पहिल्याच दिवशी करावे.’ कारणही मी मनाशी जुळवलं. पिल्लांना त्यांचाच कोवळा आवाज पुढे ऐकवत राहिलं, की ती शांत होत असणार. पडद्यावर एक पाठमोरा माणूस पिल्लाच्या डोक्याजवळ काहीतरी चकचकीत धरून उभा होता. रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांनी हळूच विचारलं, हे नक्की बरोबर आहे ना? मी सांगितलं की तो मायक्रोफोन आहे, आणि इतका छोटा मायक्रोफोन आपल्याकडे मिळत नाही. त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. पुण्यात ठाम आवाजात बोललं की पुरावा मागायची पद्धत नाही.

पहिला खेळ पुण्याजवळच्या मांजरी गावात ठेवला होता, एका शाळेच्या खोलीत, खिडक्यांना सतरंज्या लावून. चाळीसेक पोल्ट्रीवाले जमले होते. मला पुढची खुर्ची आणि श्रीफळ मिळालं. ते वाक्य आलं तेव्हा कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोघातिघांनी ते वहीत उतरवून घेतलं.

खेळ संपल्यावर साठीच्या एक बाई उठल्या. निळं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. नवऱ्यामागे दोन हजार कोंबड्यांची शेड त्या एकट्या चालवत होत्या. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, ती टेप कोंबडीला ऐकवायची का पिल्लांना?

“पिल्लांना,” मी म्हणाले. वर सकाळ-संध्याकाळ ऐकवा, असंही सांगितलं.

चहाच्या वेळी तिथले तरुण पशुवैद्य माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. लाल झाले होते. कपाकडे बघत त्यांनी सांगितलं की पोल्ट्रीत डबिंग म्हणजे पिल्लाच्या डोक्यावरचा तुरा कात्रीने छाटणं. मोठेपणी तो पिंजऱ्यात अडकून फाटतो, दुसऱ्या कोंबड्या त्याला टोचतात, म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकायचा. मायक्रोफोन म्हणजे कात्री होती. तेव्हाच उठून सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण तोवर आभार मानून झाले होते, लोक चपला शोधत होते, आणि माझ्या मांडीवर श्रीफळ होतं. मी चहा संपवला.

घरी येऊन मोठा इंग्रजी कोश काढला. त्या शब्दाला इतके अर्थ असतील असं वाटलं नव्हतं. तिकडचा राजा खांद्याला तलवार टेकवून एखाद्याला सरदार करतो, तेही तेच. कुणाला टोपणनाव ठेवणं तेच, चामड्याला चरबी चोळणं तेच, गळाला लोकर गुंडाळून माशाला फसवणंही तेच. तुरा छाटणं होतंच. माझा अर्थ सगळ्यात शेवटी, कालपरवा आलेल्या भाडेकरूसारखा. नवऱ्याला सगळं सांगितलं. पेपर खाली न घेता ते म्हणाले, “निदान मांजरीच्या कोंबड्या तरी शुद्ध बोलतील.”

तीन आठवड्यांनी मी बुधवार पेठेत रेडिओचे सेल घ्यायला गेले. त्या दुकानदाराचं आणि माझं आधीच वाजलेलं होतं. ‘कॅसेट डबिंग करून मिळेल’ अशी पाटी त्याने लावली होती आणि याला डबिंग नव्हे, नक्कल म्हणतात, हे मी त्याला ऐकवलं होतं. गिऱ्हाईक नसलं तर शिकवणीला बसेन, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी काउंटरपाशी मांजरीच्या त्याच बाई उभ्या होत्या. त्यांनी एक कॅसेट पुढे केली होती आणि तिची चार डबिंग मागत होत्या, शेजारच्या शेडवाल्यांसाठी. दुकानदाराने कॅसेट लावून बघितली. दुकानभर चिवचिवाट झाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कुठल्या गायकाची, एवढंच त्याने विचारलं.

मला वळून निघून जाता आलं असतं. बाईंनी मला पाहिलं नव्हतं. पण त्या दुकानदाराला सांगायला लागल्या की शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, आणि कौतुकाने सांगत होत्या. मी पुढे झाले आणि त्याच्यादेखत सगळं कबूल केलं. मला काहीही माहीत नव्हतं, मी अंदाजाने लिहिलं, आणि कळल्यावरही सांगितलं नाही.

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “बारा वर्सं आमी कात्रीनं तुरे कापतोय, बाई. तुमचा आवाज ऐकला आन् वाटलं, आपलंच चुकत आलं. लई खात्रीचा आवाज हाय तुमचा.”

त्या चिडल्या असत्या तर मी वाद तरी घातला असता. दुकानदाराने कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच माझ्याशी काहीही खोचक बोलला नाही. तेही मला लागलं.

माझ्या भरवशावर त्यांनी दोनशे पिल्लांचे तुरे तसेच ठेवले होते, आणि आता छाटायची वेळ निघून गेली होती. पुढच्या रविवारी डबिंगला न जाता मी मांजरीला गेले. नवी पिल्लं आली होती. बाईंनी एक माझ्या ओंजळीत दिलं. तुरा म्हणजे डोक्यावर तांबूस दोऱ्याएवढी रेघ. वाकड्या कात्रीने एकदाच कच्, रक्ताचा एक ठिपका, आणि पिल्लू खाली ठेवताच दाणे टिपायला लागलं. मी मात्र पिंपावर बसले. बाईंनी पाणी आणून दिलं आणि तुम्ही आता घरी जा म्हणाल्या.

कचेरीत जाऊन मी ते वाक्य पुन्हा करू द्या म्हणाले. अधिकारी म्हणाले की माहितीपट सगळ्या जिल्ह्यांत गेला आहे आणि एकही तक्रार आलेली नाही. उलट निवेदन फार आवडल्याची पत्रं आहेत. मी चार वेळा गेले. शेवटी एका प्रतीत ते वाक्य बदलून मिळालं. बाकीच्या प्रतींत मी अजूनही पिल्लांचं ध्वनिमुद्रण करते आहे. त्या दोनशेतल्या बऱ्याच कोंबड्यांचे तुरे पुढे फाटले, असं बाईंनीच कळवलं. पत्रात राग नव्हता, नुसती माहिती होती.

आवाज द्यायचं काम मी सोडलं नाही. तेवढा कणखरपणा माझ्यात नव्हता. पण पुढचा माहितीपट मधमाश्यांचा आला, तेव्हा आधी एका मधपेट्यांवाल्याकडे जाऊन सगळं डोळ्यांनी बघून आले. दोन माश्या चावल्या. सुजलेल्या हाताने कागद धरून मी वाचन केलं. अधिकाऱ्यांना ते पूर्वीइतकं ठाम वाटलं नाही.