सुट्या गोळ्या

दत्तोबाच्या काळजात बसवलेल्या नळीला डॉक्टर स्टेंट म्हणत. कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये मात्र सगळे तिला स्प्रिंग म्हणत, आणि दत्तोबाला तर तो शब्द मनापासून आवडायचा. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्याचा जन्म गेला होता. कुणी तब्येत विचारली की सदऱ्यावरून छातीवर हात फिरवून तो सांगायचा, "वरिजनल टाकलीया. कंपनीची."

"मानूस हायसा का मोटार?" सारजा म्हणायची.

"मोटारच. फकस्त धूर सोडत न्हाय."

लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी सारजा त्याला तोंडावर हसायची नाही. पदर तोंडाशी धरून आत जायची आणि चुलीपाशी हसायची.

बारामतीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. चुकली तर रक्त गोठून स्प्रिंग बंद पडेल. तेव्हापासून ती गोळी म्हणजे सारजाचं व्रत झालं. इतर दोन गोळ्या स्वस्त होत्या. ही एकटीच महिन्याला बाराशेला पडायची. दत्तोबाची पेन्शन अठराशे.

सारजा काही न शिकलेली, पण बाजार तिला चांगला समजायचा. गुरुवारच्या बाजारात मिरची घ्यायची तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव विचारत जायचं, मग परत फिरून घ्यायचं, ही तिची रीत. मेडिकलच्या दुकानांनाही तिने तीच रीत लावली. दवाखान्याच्या दारातला एक पैसा सोडत नव्हता. भिगवण चौकातला दहा टक्के सोडायचा. स्टँडमागचा महिन्याची एकदम घेतली तर पंधरा म्हणाला. चिठ्ठी पुढे करायची, भाव ऐकायचा, चिठ्ठी परत घ्यायची. एकजण वैतागून म्हणाला, "मावशी, ही काय वांगी हायत का?"

"वांग्याला निदान हात तरी लावू देत्यात," सारजा म्हणाली आणि पायरी उतरली.

इंदापूरला त्यांची एकुलती लेक छकुली दिली होती. तिच्याकडे गेली असताना सारजाने तिथल्याही एका दुकानात चिठ्ठी दाखवली. जेनेरिक औषधांचं छोटं दुकान होतं, रणजित नावाचा पोरगेलासा माणूस बसायचा. त्याने दोन पाकिटं शेजारी ठेवली. वरची मोठ्या अक्षरातली नावं वेगळी, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव एकच. छकुलीने वाचून खात्री केली. ही तीनशेच्या आत.

सारजाने लगेच महिन्याची घेतली नाही, एकच पाकीट घेतलं. ते पदराला बांधून पुढच्या खेपेला ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "औषध तेच आहे. बिनधास्त द्या."

ती घरी आली ती उड्या मारायची तेवढी बाकी. पाकीट दत्तोबाच्या हातात दिलं आणि भाव सांगितला. त्याने चष्मा लावला, पाकीट उजेडाला धरलं, अंगठ्याने खरवडून बघितलं. मग उठून पाकीट उकिरड्यावर भिरकावलं.

"डुप्लिकेट हाय."

"अवो, डाक्टर म्हनलं—"

"डाक्टरला काय कळतं पार्टातलं? स्वस्तातलं बेरिंग बशिवलं आन् ऐन गाळपात मिल बंद पडली. बिरूचं बोट गेलं त्याच्यात. तू सांगतीस मला? वरिजनल स्प्रिंगला तेल बी वरिजनलच पायजे."

बिरू त्याचा कारखान्यातला सोबती. ते बोट गेलं त्या दिवसापासून दत्तोबाने घरात स्वस्त वस्तू म्हणून येऊ दिली नव्हती. स्वस्त बल्ब नाही, स्वस्त चप्पल नाही. सारजाला हे ठाऊक होतं. तो फिरायला गेल्यावर तिने उकिरड्यावरून पाकीट आणलं, पुसलं, आणि त्यातली एकेक गोळी अंगठ्याने दाबून पितळी डबीत पाडली. कंपनीची गोळीही गुलाबी आणि गोल होती, हीही गुलाबी आणि गोल. रिकामं पाकीट तिने चुलीत घातलं.

"आता डबीतच भरून ठिवत जाईन," ती म्हणाली. "तुमच्या बोटांनी ती पाकिटं फुटत न्हाईत."

"दे," दत्तोबा म्हणाला. त्याची बोटं खरंच जाड होती.

दर महिन्याला ती छकुलीकडे जायची, येताना एसटीत खिडकीशी बसून सगळ्या गोळ्या कागदात मोकळ्या करायची. दत्तोबाने एकदा विचारलंच, "बारामती सोडून इंदापूरची कशाला?"

"छकुलीची गाठ पडती तेवढीच."

"कंपनीची हाय ना पन?"

"तर काय."

आणि मग दर वेळचा प्रश्न, "कितीला पडली?"

तिने बाराशे सांगितले. कमी सांगितलं असतं तर त्याला वास आला असता. सहा महिने ती बाराशेच सांगत राहिली, तेव्हा त्याने चष्म्यावरून बघितलं. "तेल वाढलं, डिझेल वाढलं, गोळी कशी वाढंना?" पुढच्या खेपेला तिने घरी येता येताच सांगून टाकलं, "वाढली बरं का. साडेतेराशे." दिवाळीनंतर पंधराशे केली. भाव खरा वाटावा म्हणून तिला तो वाढवावा लागायचा. इंदापूरच्या दुकानात मात्र तो होता तिथेच होता.

वाचलेल्या पैशांचं तिने काही सोनंनाणं केलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं करडईचं तेल आणलं. मूग, मोसंबी, त्याच्यासाठी अंडी. तो जेवताना ताटाकडे बघायचा आणि मनात बेरीज मांडायचा. त्याच्या हिशोबात गोळी घेऊन पेन्शनमधले तीनशे उरत होते, आणि तीनशेत मोसंबी बसत नव्हती. म्हणजे ती बसत होती सारजाच्या खुरपणीत. ती बायकांबरोबर लोकांच्या उसात खुरपायला जायची. पहिल्यापासून जायची, आताही जायची. घरात बसून तिला करमायचं नाही. पण गुडघे सुजले होते. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून ती ते चोळायची, आणि दत्तोबा बाजेवरून बघायचा.

"नगं जाऊ उद्या."

"आन् घरात बसून तुमचं त्वांड बघू?"

"बघ की. फुकट हाय."

हिवाळ्यात तिच्या लक्षात आलं, की डबी लवकर रिकामी होत नाही. महिना उलटला तरी तळाला गोळ्या होत्या. तिला वाटलं, रणजितने चुकून एखादं पाकीट जास्त दिलं असेल. दत्तोबाही म्हणाला, "हायत की अजून. येवढ्यात कशाला जातीस इंदापूरला?" गोळ्या पाकिटात असत्या तर कुठली फुटली, कुठली राहिली, ते नजरेला पडलं असतं. सुट्या गोळ्यांचं तसं काही नव्हतं. तिन्ही प्रकारच्या एका डबीत, आणि तो रोज सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना तिला दिसायचा.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी तो शेजाऱ्याचा फवारणीचा पंप खोलून बसला होता. पाना खाली ठेवला आणि भिंतीला टेकला. सारजा धावत आली तेव्हा घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. शेजाऱ्याच्या गाडीतून तिने त्याला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि बाहेर येऊन विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"एक दिस न्हाय," सारजा म्हणाली. "म्या सोता डबी भरते."

"ती तुमची स्प्रिंग बंद झाल्यासारखी वाटते. पुण्याला हलवावं लागेल. गाडी बोलावलीय."

सारजा तिथेच भिंतीशी बसली. मग उठून डॉक्टरांच्या मागे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "सायेब, ती स्वस्तातली दिली म्या. त्यास्नी न सांगता. त्याच्यानंच झालं का?"

डॉक्टर थांबले. "मीच सांगितलं होतं ना तुम्हाला, औषध तेच आहे? रोज घेतली असती तर त्या गोळीने काम केलंच असतं." एवढं बोलून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "रोज घेत होते ना?"

तिने पुन्हा हो म्हटलं. पण या वेळी डबीचा तळ तिच्या डोळ्यांपुढे आला.

आत दत्तोबाच्या नाकाला नळी लावली होती. ती जवळ गेल्यावर त्याने बोटाने खूण केली. ती वाकली.

"डाक्टरला सांगू नगंस. रागवंल."

"काय?"

"म्या एक दिसाआड घेत हुतो. म्हागाची तेवढी." तो दम घ्यायला थांबला. "दिवाळीपासनं. पंधराशे म्हनलीस आन् मला भाकर गॉड लागंना. तू गुडघं धरून खुरपायचीस आन् म्या रोज पन्नास रुपयं पान्यासंगं गिळायचो."

सारजाने पलंगाची लोखंडी पट्टी धरली. खरा भाव तिच्या ओठांपर्यंत आला. अवो, धा रुपयं बी नव्हती ती. एवढं एक वाक्य. ते सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, की त्याने काहीच वाचवलं नव्हतं. आणि बायकोने दीड वर्ष त्याला डुप्लिकेट खायला घातलं, हेही कळलं असतं.

"डबीत परत टाकायचो," तो म्हणाला. "तुला कळलं न्हाय ना?"

"न्हाय कळलं."

त्याच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. मिलमधला कसला तरी बिघाड साहेबांच्या आधी सापडल्यावर यायचं तसं.

"किती वाचलं आस्तील गं?"

सारजा हिशोब करत असल्यासारखी थांबली. बाहेर ॲम्ब्युलन्स आल्याचं कुणीतरी सांगत होतं.

"दीड-दोन हजाराच्या वर गेलं," ती म्हणाली.

"व्हय?"

"व्हय तर. म्हनूनच मला वाटायचं, या महिन्यात पैसं कसं काय पुरलं."

"त्यात गुडघ्याला दाखीव," दत्तोबा म्हणाला. "चांगल्या डाक्टरला. सस्त्यातल्या नगं."

"दाखविते."

ॲम्ब्युलन्समध्ये ती त्याच्या पायाशी बसली होती. पाटस यायच्या आत सोबतच्या माणसाने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. तिने कारण विचारलं नाही.

दहाव्याच्या दिवशी नदीवरून परतल्यावर माणसं पांगली, तेव्हा छकुली आईजवळ येऊन बसली. दुकान तिनेच दाखवलं होतं, ती रडून रडून अर्धी झाली होती. सगळी हकिकत ऐकून तिने विचारलं, "आई, निदान शेवटी तरी सांगायचं ना आबांना. खरी किंमत."

सारजाने आपल्या मोकळ्या मनगटांवरून हात फिरवला.

"त्यांनी इचारलं, किती वाचलं," ती म्हणाली. "काईच न्हाय म्हनायला माझी जीभ न्हाय वळली."