मी शिकवलेली, न वाचलेली कादंबरी

अमरावतीच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एकच जुनी सामाजिक कादंबरी होती. दोन खंड, अकराशे पानं, उशाला घेतली तर मान अवघडेल एवढी जाड. ती मी वाचलेली नव्हती.

पहिल्या खंडाची शंभर-सव्वाशे पानं मात्र मी तीनदा वाचली आहेत. पुढे जावं म्हटलं की कधी परीक्षा यायची, कधी पेपर तपासणी यायची, नाही तर उन्हाळा यायचा. अमरावतीत मे महिन्यात कूलरसमोर बसून माणूस जाड पुस्तक धरेल आणि झोपणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन पाहावं. शिवाय गाईड होतं. त्यात अकरा पानांत कथानक होतं, चार पानांत नायिकेचं स्वभावचित्रण, आणि शेवटी संभाव्य प्रश्न. मी त्यावर हात वगैरे हलवून असं काही बोलायचो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची. रिटायर झालो तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नव्या आवृत्तीचे दोन्ही खंड भेट दिले. आत लिहिलं होतं, सरांच्या आवडत्या कादंबरीची आठवण. मी स्टेजवर डोळे पुसले. लोकांना वाटलं, भरून आलं.

दोन्ही खंड घरी शोकेसमध्ये, कागद न काढता, पडून राहिले. आता वेळच वेळ होता, म्हणून तर वाचवत नव्हतं. ते बाहेर निघाले माझ्या मोठ्या बहिणीमुळे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा तिची शाळा दहावीवर थांबली आणि माझी चालू राहिली. तिला दर्यापूरकडच्या एका गावात दिलं. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण नवऱ्याचा हात वाईट होता, रागावला की उठायचाच. तो गेल्यावर ती अकोल्याला मुलाकडे राहायला आली आणि दोन वर्षांतच तिच्या किडन्या गेल्या. तो सगळा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. गावातले लोक म्हणतात, पाण्यानं गेल्या. डॉक्टर म्हणतात, बीपीनं. तिनं ते पाणी जन्मभर प्यायलं, एवढं मला माहीत आहे, आणि ती त्या गावात का राहिली, तेही माहीत आहे.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर ठेवायचे. भाच्याला कामावर जावं लागायचं. मी म्हटलं, मी येतो. पहिल्या दिवशी तिच्याजवळ स्टुलावर बसलो तर ती म्हणाली, "चार घंटे नुसतं छत पाह्यत राह्यतो मी. तू थे पुस्तक वाचून दाखव ना, तुया कॉलेजातलं."

"कोणतं?"

"थेच. भावाबहिणीचं. तुनं मले एकदा गोष्ट सांगतली होती."

मी चटकन दुसरीकडे पाहिलं. ती गोष्ट मी विसरलो नव्हतो आणि ती विसरली असेल अशी मला आशा होती.

झालं होतं असं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दिवाळीला ताई आली, तेव्हा मी नवा उत्साही प्राध्यापक, गाईड ताजं पाठ झालेलं. तिला भाजी निवडता निवडता अख्खी कादंबरी ऐकवली. नायिकेचा नवरा तिला छळतो, ती एक दिवस घर सोडते आणि वकील भावाच्या दारी येते. ताईच्या हातातली मेथी तशीच राहिली. तिनं विचारलं, "मंग भाऊ ठेवून घेते का तिले?" गाईडमध्ये शेवट एका ओळीत होता, अखेर भावाबहिणीचे मनोमीलन होते. मी म्हटलं, "घेते ना. तिथंच राह्यते थे मंग, शेवटपर्यंत."

दोन महिन्यांनी ताई एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. गालावर वळ होता. तिला तेव्हा मूल नव्हतं. "मी आता जात नाई तिकडं," एवढंच म्हणाली.

माझं नवीन लग्न, भाड्याच्या दोन खोल्या, नोकरी अजून कायम नाही, घरमालक चौकस. ही कारणं मी मनाशी इतक्यांदा म्हटली आहेत की आता ती पाठ्यपुस्तकातली वाटतात. चार दिवस मी तिला काही बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी बायकोला म्हटलं, "ताईची ओटी भर." आमच्याकडे माहेरवाशीण स्वतः निघते म्हणाली की मग ओटी भरतात, आणि ओटी भरली की तिनं त्या दिवशी थांबायचं नसतं. ताई निघते म्हणाली नव्हती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग पाट मांडला. खण, नारळ, तांदूळ पदरात पडले तेव्हा ताई काही क्षण नारळाकडेच पाहत राहिली. मग उठून लुगड्यांच्या घड्या करायला लागली. जा, असं मी तोंडानं एकदाही म्हटलं नाही. मानानं पाठवली, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. दर्यापूरच्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली आणि घरी येऊन जेवलो. मला भूक लागली होती, हेही मला आठवतं.

त्यावर आम्ही दोघं पुढे कधीच बोललो नाही. राख्या आल्या, भाऊबीजा झाल्या. बायकोपाशी एकदा विषय काढला तर ती म्हणाली, "तुमी म्हणले म्हणून भरली मी," आणि पोळी लाटत राहिली.

तर आता ताईजवळ फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं होतं, भाच्यानं मला. त्या दिवसांत तिच्याशी ते एकदा बोलून टाकावं, असं माझ्या मनात होतं. तोंड उघडत नव्हतं. कादंबरी बरी सापडली. वाटलं, त्या पानापर्यंत पोचलो की आपोआप विषय निघेल. पुस्तकातला भाऊ बहिणीला ठेवून घेईल आणि मी म्हणेन, ताई, मी असा नव्हतो. पुस्तकाच्या आडून माफी मागायची, असा एकूण भेकड बेत होता.

वाचन सुरू झालं. पहिल्या दिवशी मी खंड उघडला तर ताईनं सुया नसलेला हात कपाळाला लावून नमस्कार केला, पोथीला करावा तसा. मग डोळे मिटले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, बस, ऑटो, स्टूल, आणि चार तास मोठ्यानं वाचणं. तिला दिवसाला मोजकंच पाणी, म्हणून मीही तिच्यासमोर पीत नसे, घसा फाटायचा. पण खरं सांगतो, माझी वाचलेली पानं संपून पुढची पन्नास झाल्यावर मला लाज वाटायला लागली. कादंबरी फार चांगली होती. गाईडमध्ये जिथं 'कौटुंबिक कलहाचे चित्रण' असे तीन शब्द होते, तिथं मूळ पुस्तकात चाळीस पानं होती, आणि त्यातलं एकही गाळण्यासारखं नव्हतं. मी तीस वर्षं पोरांना काय दिलं मग? मला पुढचं काही ठाऊक नसायचं. वाचता वाचता मीच "अरे!" म्हणून थांबायचो, आणि ताई डोळे उघडून माझ्याकडे निरखून पाहायची.

शेजारच्या मशीनवर बाळापूरचे एक म्हातारे चाचा असायचे, पूर्वीचे टेलर. तेही ऐकायचे. मंगळवारी मी पाणी प्यायला बाहेर गेलो की मागून हाक यायची, "प्रोफेसर साब, वो सास का क्या हुआ?" दुसरा खंड निम्मा झाला आणि एका शुक्रवारी त्यांच्या जागेवर एक तरुण बाई होती. ताईनं त्या दिवशी वाचन संपल्यावर म्हटलं, "त्यायचं राह्यलं ना." आणि मग, "लवकर लवकर वाचत जा." तेव्हापासून मी थोडं घाईनं वाचू लागलो. तिचे पाय सुजत चालले होते.

शेवटची ऐंशी पानं राहिली त्या मंगळवारी मी धीर धरू शकलो नाही. मूर्तिजापूर गेल्यावर बसमध्येच पुस्तक काढलं आणि ते प्रकरण वाचलं. नायिका भावाच्या दारी येते. भाऊ दार लावत नाही. लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो तिला आत घेतो, पाणी देतो, जेवू घालतो, भाचरं तिच्या मांडीवर बसतात. दुसऱ्या दिवशी तो गाडी जुंपायला सांगतो, तिच्या अंगावर नवी शाल घालतो आणि गड्यासोबत तिला सासरी रवाना करतो. रागाचा एक शब्द नाही. ती तिथं पोचली का, तिचं काय झालं, हे लेखकानं लिहिलेलंच नाही. त्यापुढची दोन्ही प्रकरणं भावाची आहेत. त्याला मोठी जागा मिळते, मुलगा होतो, घर बांधतो, लोक त्याला चांगला माणूस म्हणतात. तिथं पुस्तक संपतं. गाईड लिहिणाऱ्यानंही ते वाचलेलं नव्हतं.

अकोल्याला उतरलो. परत जावं असं वाटलं. पण ती वाट पाहत असणार होती.

वाचायला बसलो. नायिका दारात आली, इथपर्यंत बरोबर वाचलं. मग मला पुढचं वाचवेना, आणि माझी तीस वर्षांची सवय कामी आली. पुस्तक समोर धरायचं आणि पुस्तकात नाही ते बोलायचं. मी म्हटलं, भावानं तिची पिशवी हातातून घेतली. म्हटलं, तो म्हणाला, हे घर तुझंच आहे, आता कुठं जायचं नाही. चांगलं जमत होतं. भाषा त्या काळची, वाक्यं लांब. मला स्वतःला रडू येत होतं.

"किती येळचं एकच पान चालू हाये, भाऊ?" ताई डोळे मिटूनच म्हणाली.

"बारीक अक्षर हाये."

"तो तिले ठेवत नाई. शाल देते न् गाडीत बसवते."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. "तुनं कधी वाचली?"

"तुनं धाडल्यावर. दर्यापूरच्या लायब्ररीतून आणली, आधी एक खंड, मंग दुसरा. म्हटलं, भाऊ ठेवते थे कसं लिवलं असन, एकदा डोयानं पाह्यावं. दोन-तीन मयने लागले."

"मंग कधी बोलली काहून नाई?"

"काय बोलू? तू थे पोराइले शिकवतं. मले वाटे, तुले सारं पाठ हाये न् तुनं मले जाणूनबुजून खोटं सांगतलं. त्या भरवशावर मी आली होती." ती थांबली. तिला दम लागत होता. "एवढी वर्षं तेच सलत होतं. धाडलं त्याचं एवढं नाई. पर आता चार मयने झाले, पाह्यून राह्यली, तू वाचतं न् मधीच दचकतं. तुले पुढचं मालूमच नसते. मंग ध्यानात आलं, यानं वाचलीच नाई कधी. खोटं नाई बोलला, याले ठाऊकच नव्हतं. मले लय बरं वाटलं, बापा. घरी जाऊन पोराले म्हटलं, आज मी दोन घास जास्त खातो."

मला वाटलं, सुटलो. खरंच, एक क्षणभर तसंच वाटलं.

मग तिनं डोळे उघडले. "पर आज तू वाचून आला होता ना?"

मी मान डोलावली.

"हं," ती म्हणाली. एवढंच.

मशीन चालू होतं. नर्स येऊन आकडे पाहून गेली. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं. तेव्हाही चुकलं." हे शब्द मी इतकी वर्षं घोकले होते आणि बाहेर पडले तेव्हा अगदी बारीक आवाजात पडले. तिनं ऐकले का, कळलं नाही. तिनं छताकडे पाहत म्हटलं, "वाच. जसं हाये तसं."

मी वाचलं. पाणी, जेवण, मांडीवरची भाचरं, शाल, गाडी. एकही शब्द गाळला नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तिथं प्रकरण संपलं. घड्याळात अजून पाऊण तास बाकी होता आणि पुस्तकात ती दोन प्रकरणं, भावाच्या भरभराटीची.

"हे पण वाचू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसती मान पलीकडे केली. "थे मी पाह्यलं हाये."