बटणावरचं बोट

साहेबांनी लॅपटॉप मिटला तेव्हा माझी बोटं अजून त्याच्यावर होती.

झाकण बोटांवर आलं. फार जोरात नाही. पण भर वर्कशॉपमध्ये, दोन जर्मन फिटरांच्या समोर.

"तुला वाचायला कोणी सांगितलं?" हे मराठीत. मग त्या दोघांकडे वळून जर्मनमध्ये, हसत हसत, "हा शाळेतून पळालेला आहे. आता याला इंजिनियर व्हायचंय."

ते हसले. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो. बोटं चोळत मीही हसलो.

जर्मनीत, कार्ल्सरूहे शहराच्या बाहेर, ऑटोबानच्या म्हणजे हायवेच्या कडेला आमचं यार्ड होतं. मोठी मशिनं भाड्यानं द्यायचं काम. मशिन साईटवरून परत आलं की धुवायचं, मग केबिनमध्ये केबल जोडून लॅपटॉप लावायचा. मशिनचं काय काय दुखतंय ते कोडमध्ये दिसतं. कोड वाचायचा, बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि सगळ्यात शेवटी कोड उडवायचा. आमचा म्हातारा माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचा मुख्य मेकॅनिक, असाच क्रम पाळायचा. पण माइस्टर उर्लाउबवर, सुट्टीवर गेला होता. तो नसला की साहेबांचा क्रम चालायचा. कोड उडव, मशिन बाहेर काढ.

मला तो क्रम नवा नव्हता. आमच्याकडं खडीच्या खाणीवर तेच चालायचं. पॅनलवर लाल दिवा लागला की बॅटरीची वायर काढायची, थोडं थांबायचं, परत लावायची. दिवा गेला, बिघाड गेला. परत लागला तर बघू. मालक खूश, ड्रायव्हर खूश. ड्रायव्हरचा हात तुटला तर ते त्याचं नशीब.

त्या दिवशी समोर बागर होता, आपल्याकडचा पोकलेन. ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या हाताला एक लिव्हर असतो. खाली उतरताना तो वर करायचा. मग जॉयस्टिकला चुकून बाही लागली तरी बकेट हलत नाही. म्हणूनच तर खड्ड्यात माणूस उतरू शकतो. त्या लिव्हरच्या स्विचचा कोड होता. पुन्हा पुन्हा आलेला, मशिन तापल्यावर. मी तोच वाचत होतो, ओठ हलवत, एकेक जर्मन शब्द जुळवत. मला तसंच वाचता येतं.

"दुपारी उटे येतेय बागर न्यायला," साहेब म्हणाले. "कोड उडव. अर्थ काढायला मी आहे."

आणि ते ऑफिसात गेले.

आता या साहेबांबद्दल. पुण्याचे. इथल्याच विद्यापीठात शिकले, याच कंपनीत सर्व्हिसचे प्रमुख झाले. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले. "गाव?" सांगितलं. "बरं बरं." पहिल्या बरंपेक्षा दुसरा बरं जरा लांब होता. पण त्यांनी मला कामाला लावलं. आठवीत शाळा सोडलेला माणूस, जर्मन अर्धं कच्चं, कोण घेणार होतं? मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. वंदनानं, माझ्या बायकोनं, त्यांच्या घरी पुरणपोळ्या नेल्या. इथं हिवाळ्याचे टायर वेगळे; हिवाळा संपल्यावर साहेबांच्या गाडीचे टायर मी बदलले. मग त्यांच्या मित्रांच्या गाड्यांचे. बाकीचे आत श्रीखंड खायचे, मी पार्किंगमध्ये जॅक लावून. कोणी विचारलं तर साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "मी आणला याला जर्मनीत."

वंदना शेजारीच उभी असायची. 

वंदना नर्स आहे. तिनं भाषा शिकली, परीक्षा दिल्या, आधी ती एकटी आली. तिच्या कागदांवर मी आलो. साहेबांची ओळख त्यानंतरची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की मलाच खरं वाटायला लागलं.

माझी प्रोबेत्साइट संपत आली होती. सुरुवातीचे महिने तुम्हाला जोखतात, त्याला प्रोबेत्साइट म्हणतात. ती पार पडली की नोकरी पक्की. पक्की करायचं साहेबांच्या हातात. म्हणून त्या आठवड्यात मी श्वाससुद्धा विचारून घेत होतो.

मी लॅपटॉप परत उघडला. बोट बटणावर ठेवलं.

आणि तिथंच अडलो.

आमच्या शाळेत फळा पुसायला रोज मलाच उठवायचे. लिहायला कधीच नाही. मला वाटायचं, गुरुजींचा माझ्यावर जीव आहे. एकदा पुसायच्या आधी खडू उचलला आणि गणिताखाली राहिलेलं उत्तर लिहिलं. गुरुजींनी डस्टर फेकला. कानाला लागला. ते म्हणाले, "बाटवला का खडू?" पोरं हसली. तेव्हाही मी हसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून खाणीवर.

बटणावरचं बोट बघितलं तर जाणवलं, इतक्या मशिनांवर, इतक्यांदा, हे बटण माझ्याच बोटानं दाबलंय. साहेब मागे उभे राहायचे, सांगायचे, "दाब." लॅपटॉपमध्ये लॉगिन माझ्या नावाचं असायचं. त्यांचं बोट त्या बटणाला कधीच लागलं नव्हतं. घाण कामाला स्वतःचा हात लावायचा नाही, ही रीत मी ओळखतो. माझ्या वस्तीत सगळे ओळखतात. विमानातून इथपर्यंत आली होती, इस्त्री करून.

आणि वंदनाचं एक बोलणं आठवलं. मी घरी हे कोड उडवायचं सांगत होतो, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, आमच्या वॉर्डात मॉनिटर वाजला की आम्ही आवाज बंद करतो आणि पेशंटकडं जातो. तुम्ही आवाज बंद करून घरी येता."

मी उठलो. भिंतीवरच्या खिळ्यावर लाल पाट्या असतात. 'गेश्पेर्ट', म्हणजे बंद, वापरू नये. कोणीही लावू शकतो, अगदी झाडणाराही. काढायची ती लावणाऱ्यानं किंवा माइस्टरनं. ती पाटी मी त्या लिव्हरला बांधली.  गाठ दोनदा सुटली.

उटे ट्रेलर घेऊन आली. बागर चालवणारी बाई, माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची, कायम घाईत. पाटी बघून तिनं हात वर केले. "अरे, हे काय आता?"

साहेब धावत आले. पाटी बघितली, मला बघितलं. "काही नाही, नवीन आहे तो," तिला म्हणाले. तिला केबिनमध्ये बसवलं, लिव्हर वर करायला लावला, जॉयस्टिक हलवायला लावली. बकेट हललं नाही. पुन्हा केलं. नाही हललं.

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. साहेबांनी टाळी वाजवली. मग मराठीत मला, "बघितलंस? काढ ती पाटी."

 मशिननं माझी बाजू घेतली नव्हती.

"थंड आहे साहेब. तापल्यावर सुटतं."

ते जवळ आले. आवाज खाली. "मला कळत नाही का ते? आजचा दिवस निघेल. माइस्टर आला की बघेल. काढ. तुझी प्रोबेत्साइट लक्षात आहे ना? मी आणलंय तुला इथं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. त्या एका वाक्यानं माझी भीती गेली नाही, पण तिची दिशा बदलली.

"मग तुम्ही काढा," मी म्हणालो. "तुमच्या हातानं. आणि कोडचं बटण पण तुम्हीच दाबा, तुमच्या नावानं."

साहेबांनी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

उटेला मराठी येत नाही. पण ते खिशात गेलेले हात तिनं बघितले. "हा काय म्हणतोय?" तिनं विचारलं.

साहेब बोलायच्या आत मी बोललो, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. "लिव्हर चांगला नाही. खड्ड्यात तुझा माणूस असतो. मी कोड उडवणार नाही."

तिनं मला धन्यवाद दिले नाहीत. शिवी दिली. साईटवर माणसं खोळंबली होती तिची. बागरच्या पट्ट्याला लाथ घातली, आणि साहेबांकडे वळली. "तुम्ही काढता ती पाटी?"

साहेब म्हणाले, "तसा नियम नाही."

ती रिकामा ट्रेलर घेऊन निघून गेली.

"चार लोकांत मान दिला मी तुला," साहेब म्हणाले.

"मान नाही साहेब. टायर दिले."

त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, पुढं ठेवता येणार नाही. प्रोबेत्साइटमध्ये त्याला फार कारण लागत नाही. नोकरी दिली होती त्यांनी, ते मी विसरणार नाही. पण ती देताना माझं बोट विकत घेतलं होतं असं त्यांना वाटत होतं. ते मी विकलेलं नव्हतं.

वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेवा." मग ताट वाढताना, "त्यांना सांगितलंत ना, तुम्हाला कोणी आणलं ते?"

नाही सांगितलं. ते राहिलं होतं.

थंडी पडायला लागली तसा साहेबांच्या मित्राचा फोन आला. "काय रे, टायर कधी करतोस?" जणू काही झालंच नव्हतं.

"मी टायर करत नाही," मी म्हणालो. "आणि साहेबांना निरोप द्या. मला जर्मनीत वंदनानं आणलं."

या वेळी मी हसलो नाही. फोन ठेवला.

सध्या काम शोधतोय. रात्री झोप नीट लागत नाही, खोटं कशाला सांगू. पण कुठल्यातरी यार्डाचं फाटक माझ्यासाठी उघडेल. तिथं आत गेल्यावर पगाराच्या आधी, कपाटाच्या किल्लीच्या आधी, मी एकच विचारणार आहे.

लाल पाट्या कुठं टांगता?