रामलिंगाच्या धबधब्यापुढं अंबुबाई

अंबुबाईचे कान कारखान्यानं खाल्ले. सोलापुरात उभी हयात तिनं मागांच्या खडखडाटात बसून सुताच्या कांड्या भरल्या. तिथं ओरडून काडीचा उपयोग नसतो, म्हणून बायका एकमेकींच्या ओठांकडं बघून बोलतात. सासूच्या कागाळ्यांपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं, आवाज न काढता. घरी मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता. घरची माणसं तिच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलायची. आता कानाशी तोंड नेल्यावर बाईला ओठ दिसणार कसे? ती आपली मान डोलवायची.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकनं, लेकीची, मुक्ताची, सोयरीक माढ्याला जुळवत आणली. त्याच गुरुवारी सुपारी फुटायची होती. पाहुणे बघून गेल्यापासून मुक्ता तोंड मिटून बसलेली. काहीतरी बिनसलंय हे आईच्या जिवाला कळत होतं. पण विचारलं तर पोरगी घरच्या सवयीनं कानाशी येऊन ओरडणार, अन् सगळी चाळ कान टवकारून बसलेली. "पोरगी गप हाय म्हंजी कबूल हाय," हा कुंडलिकचा निकाल. मोठा न्यायाधीशच लागून गेला!

सुपारीआधी देवाच्या कानावर घालावं म्हणून सोमवारी तिघं येडशीजवळच्या रामलिंगाला गेली. दर्शन झाल्यावर रानातून धबधब्याच्या कड्याकडं निघाली. वाट अगदी सोपी, लेकुरवाळीनंही सहज चालावं अशी. झाडं ठिबकत होती, माकडं नारळावर टपली होती. दुष्काळात हाच डोंगर उघडाबोडका पाहिलेला. एवढी हिरवळ बघून अंबुबाईला भरून आलं.

कड्यावर पाण्याचा असा दणका, की कुंडलिक काय म्हणतोय ते मुक्तालाही कळेना. त्यानं हात झटकला अन् पाणी बघत उभा राहिला. मुक्ता आईसमोर आली. इथं कुणालाच ऐकू जाणार नाही म्हटल्यावर पोरीचा बांध फुटला. न ओरडता, साध्या तोंडानं ती बोलायला लागली.

"आई, मला न्हाय करायचं तितं लगीन. पाणी द्यायला गेले तवा त्या नवऱ्या पोरानं माजं मनगट पिरगाळलं. अन् हसला. म्हणला, आत्तापासनं सवय कर. कुणाला सांगू गं मी?"

अंबुबाईला शब्द न् शब्द कळला. तिनं पोरीच्या बांगड्या वर सारल्या. खाली काळानिळा वण. "मला सांगितलंस की, बाळा," तिचे ओठ हलले. मुक्ता बघतच राहिली, अन् मग आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

देवळापाशी, जरा शांततेत आल्यावर, अंबुबाई नवऱ्यापुढं उभी राहिली. "हे लगीन व्हायचं न्हाय."

"खुळी का काय तू? शब्द दिलाय मी! पोरगी कदी काय बोलली?"

"आत्ता. तुमच्या म्होरं. तुमी चांगलं धडकं कान घेऊन हुबा हुता की!"

तिनं मुक्ताचं मनगट त्याच्यापुढं धरलं. कुंडलिकनं वाकून तो वण पाहिला. "उद्या जाऊन मोडून येतो," तो पडेल आवाजात म्हणाला. "चुकलं माजं, पोरी."

"देवा, लई उपकार झालं रं!" अंबुबाई कळसाकडं बघून ओरडली. आवाजाचा अंदाज नसल्यानं श्रावणी सोमवारची सगळी जत्रा वळून बघायला लागली. बघू देत की!

परतीच्या एसटीत कुंडलिक पेंगत होता. बार्शी मागं पडली, अंधारून आलं, तरी मुक्ता आईकडं वळून आवाज न काढता बोलतच होती. ओठ दिसेनासे झाले, तशी अंबुबाईनं कंडक्टरला हाक मारली, "भाऊ, आतला दिवा लावा की जरा. माजी लेक बोलतीया."