आबांनी मागे घेतलेली सही

लग्न होऊन मी शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी आले, ते नव्वदच्या आसपास. माहेर फैजपूरकडचं, केळीच्या बागांतलं. पाणी जपून वापरायचं असतं हे मी सासरी शिकले.

गावाच्या वरच्या अंगाला दगडाची खदान होती आणि तिला लागूनच खडी फोडायचं क्रशर. खदानीत साचलेलं पाणी तिचे मालक, शेठ, मोटार लावून सरळ नाल्यात सोडायचे. दगडाच्या भुकटीने ते ताकासारखं दिसायचं, वर डिझेलचा तवंग. नाल्याकाठच्या दोन्ही विहिरींत ते झिरपलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. खाली बौद्ध वस्तीची विहीर होती, तिच्या पाण्याला गुरंही तोंड लावीनात.

गावाने तहसीलला अर्ज दिला. पंचनामा झाला आणि मग समझोत्याची बोलणी सुरू झाली. शेठ मारुतीपुढे सभामंडप बांधून देणार, उन्हाळ्यात चौकात टँकर पाठवणार. गावाने अर्ज मागे घ्यायचा. माझे सासरे ग्रामपंचायतीचे सदस्य होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ही बोलणी त्यांनीच जमवली होती. लोभ नव्हता त्यांना. निम्मं गाव खदानीवर कामाला जायचं, तंटा वाढला तर त्यांच्या चुली विझतील, एवढीच त्यांची काळजी.

माझं अक्षर बरं म्हणून कागदाची नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. लिहिता लिहिता मी थांबले आणि कागद घेऊन ओट्यावर गेले.

"आबा, नाल्यात पाणी सोडणं बंद करू, असं यात कुठेच नाही."

"टँकर येई ना." आबा नेहमीसारखं अहिराणीत म्हणाले.

"तो चौकात. खालच्या वस्तीचं तर नावही नाही. आणि यापुढे गावाची काहीही तक्रार राहणार नाही, असं लिहिलंय. यापुढे म्हणजे कायमचं."

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "तू लिखी दे, बेटा," एवढंच म्हणाले.

मी लिहून दिलं. आबांनी सही केली. त्या नकलेची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताई वाटेत भेटल्या. त्यांना समझोत्याचं उडत उडत कळलं होतं. "आम्हाला कोणी विचारलं तरी का?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. घरी येऊन मी त्यांचे शब्द जसेच्या तसे आबांना सांगितले. ते जेवत होते. ताट अर्धं ठेवून उठले आणि शेताकडे निघून गेले.

समझोत्याला मंजुरी घ्यायला ग्रामसभा भरली, तिला नायब तहसीलदार आले. पुरुष सतरंजीवर, आम्ही बाया मागे भिंतीला टेकून. कागद वाचून झाला आणि सरपंचांनी विचारलं, "सगळ्यांना मंजूर?"

मी डोक्यावरचा पदर धरून उभी राहिले. "मला मंजूर नाही."

क्षणभर कोणाला कळेना आवाज कुठून आला. मग कोणीतरी म्हणालं, "आबा, सूनले घरमा बोलू द्या!" हशा झाला. आता माहेरी धाडतात, असंच वाटलं.

आबा उठले. "हाऊ कागद तिनीच लिखेल शे. तिनी पुरा वाचा, मी वाचा नही. बोलू द्या तिले."

हसू थांबलं. मी आबांना सांगितलं होतं तेवढंच पुन्हा सांगितलं. मग अंगणवाडीच्या ताई पुढे आल्या. कोणत्या घरची बाई कुठून पाणी आणते, ते त्यांनी घरागणिक सांगितलं. दिवस भरत आलेली एक पोर रेल्वेच्या फाटकापलीकडून हंडा आणते, हे ऐकल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

आबा म्हणाले, "साहेब, मनी सही काढी टाका."

"सही अशी खोडता येत नाही, आबा."

"मंग खाले लिखा, मंजूर नही."

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं आणि त्याखाली आबांनी दुसरी सही केली.

समझोता मोडला. वर्षभर धुळ्याला कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे आदेश आला: उपसलेलं पाणी खदानीतच खड्डा करून निवळायचं, नाल्यात सोडायचं नाही, आणि शेठने दोन्ही विहिरींचा गाळ काढून द्यायचा. मधे काही आठवडे क्रशर बंद राहिलं. ज्यांची मजुरी बुडाली ते आबांशी बोलेनासे झाले. त्या दिवाळीला आमच्या ओट्यावर कोणी फिरकलं नाही. आबांनी त्याचा दोष मला एकदाही दिला नाही. पुढच्या हिवाळ्यात आमची विहीर निवळली. खालच्या विहिरीला आणखी एक पावसाळा लागला, आणि उन्हाळ्यात तळ गाठला की तिचं पाणी अजूनही थोडं पांढुरकं येतं.

लोक म्हणतात, तू धीट म्हणून बोललीस. तसं नाही. ताई पुढे आल्या नसत्या तर माझं बोलणं चार वाक्यांत संपलं असतं. आणि आबा उठले नसते तर मी पदर सावरून खालीच बसले असते. दोघांचं ऋण मी आनंदाने बाळगते.

नंतर काही वर्षांनी पंचायतीत बायांसाठी जागा राखीव झाल्या. गावातले चार जण निवडणुकीसाठी माझं नाव मागायला आले आणि रीतीप्रमाणे आबांसमोर बसले. आबा खाटेवरून न उठता म्हणाले, "माले काय इचारतस? तिले इचारा."