चौथी खापरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय शिताफीने टाळते — जसं काही त्याने तेव्हा डोळेच मिटले होते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला उद्या जिन्यात भेटणार नाही.

गोष्ट एका खेळातली आहे. हसा, हसून घ्या. मीही आधी हसलेच होते.

माझी नात रेवा तेव्हा अकरावीत होती. दर रविवारी दुपारी आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती तिघं जमायची — रेवा, शेजारचा तन्मय आणि सोहम. सोहम म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा नातू, खालच्याच मजल्यावर राहणारा. त्यांचा खेळ असा की प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, योद्धा, चोर, वैद्य, काय वाट्टेल ते, आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. एकजण मात्र कुणीच व्हायचा नाही. तो सगळं जग सांगतो, भांडणं लावतो आणि निकाल देतो. त्याला पोरं सूत्रधार म्हणायची.

राक्षस मारून मारून पोरं कंटाळली होती. रेवा म्हणाली, आजी, तुझं ग्रीस दे ना.

माझं ग्रीस. बरोबर बोलली कार्टी. शाळेत इतिहास शिकवताना पुस्तकात ग्रीसला दीड पान असायचं आणि मी त्यावर पंधरवडा काढायचे. तर मी झाले सूत्रधार. अथेन्सचं बंदर उभं केलं, टेकडीवरची सभा उभी केली, स्पार्टाचे धमकीचे निरोप आणि इराणच्या बादशहाचं सोनं आणलं. बाजार कसा होता विचारलं, तर म्हटलं आपल्या रविवार कारंज्यावरची बाजाराची गर्दी डोळ्यांपुढे आणा आणि सगळ्यांना चादरी नेसवा. पोरं खूश. मी तर इतकी खूश की शनिवारी रात्री मला झोप यायची नाही. साठी उलटलेली बाई, आणि परीक्षेआधीच्या पोरीसारखी कूस बदलतेय.

मग एका रविवारी अक्का वर आल्या. अक्का म्हणजे त्याच माझ्या थोरल्या जाऊबाई. भाऊजी जाऊन वर्ष झालं होतं, त्या दिवसभर टीव्हीसमोर बसून असायच्या. वाटीभर लोणचं द्यायला म्हणून आल्या, उभ्या उभ्या ऐकत राहिल्या, आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, मलाही एक माणूस द्या की रे.

त्यांना तेलाचा व्यापारी केलं. नाव फिलॉन. अक्कांनी त्याचा पहिल्याच दिवशी फिलोनराव केला. आणि काय सांगू — त्या बाईने खेळ मारून नेला. इराणच्या वकिलाशी अशी घासाघीस केली की तो वकील मी होते आणि मलाच घाम फुटला. स्पार्टाच्या सेनापतीला म्हणाल्या, बाबा रे, लढायचं नंतर बघू, आधी घरी जेवायचं काय असतं ते सांग. पोरं हसून लोळली. सोहम तर आपल्या आजीकडे असा बघायचा, जणू ती त्याला नव्याने सापडली होती. दर रविवारी तो तिला हात धरून वर आणायचा. अक्का शनिवारीच साडी काढून ठेवायच्या.

इथे चांगल्या बाईला बरं वाटलं असतं. नाही का?

मला नाही वाटलं. मला चाळीसएक वर्षांपूर्वीचं पंचवटीतलं आमचं स्वयंपाकघर आठवत होतं. मी एमए झालेली, लग्नाला वर्ष झालेलं, आणि पुण्याच्या एका कॉलेजातून नोकरीचं बोलावणं आलेलं. प्राचीन इतिहास शिकवायचा. ह्यांची बदली होण्यासारखी होती. घरात बैठक बसली, मामंजी एकेकाला विचारणार होते. आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना अक्का मला म्हणाल्या होत्या, तू काळजी करू नको, मी आहे ना. आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्या पदर सावरून म्हणाल्या, घरातलं मग मी एकटीने ओढायचं का?

झालं. विषय संपला.

आणि ती बावळट सुमन, म्हणजे मी, काय केलं तिने? रडली? भांडली? छे. सगळ्यांसाठी चहा टाकला. वर कुणाला आणखी हवाय का, हेही विचारलं. त्या पोरीला आज भेटले ना, तर आधी एक चापट देईन. तिने तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं काही मला करावं लागलं नसतं. पण ती गप्प राहिली, आणि तिने सगळं माझ्यासाठी साठवून ठेवलं. मी ते लोणच्यासारखं मुरवलं. आणि आता त्याच बाई माझ्या अथेन्समध्ये येऊन माझ्यापेक्षा वरचढ ठरत होत्या. तेवढं एक गाव माझं होतं हो.

म्हणून मी हद्दपारी आणली.

अथेन्सची खरीच पद्धत होती ती. ज्याची भीती वाटते किंवा जो डोईजड होतोय, त्याचं नाव फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर कोरायचं. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, त्याने दहा वर्षं शहर सोडायचं. गुन्हा लागत नाही. पुरावा लागत नाही. मी ठरवूनच केलं, हे लपवत नाही. फुटलेला माठ गॅलरीत जपून ठेवला होता. पोरांना सांगितलं, पुढच्या रविवारी मतदान. सगळ्यांना गंमत वाटली. सोहम तर हसत हसत म्हणालासुद्धा, फिलोनरावांना काढलं तरच बाकीच्यांचा धंदा चालेल. अक्काही हसल्या.

त्या रविवारी चौघांना चार खापऱ्या आणि एकेक खिळा दिला. अक्कांची बोटं सांध्यांनी आखडलेली, मोतीबिंदूच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्या आपली खापरी घेऊन माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि कानाशी म्हणाल्या, “तन्मयचं लिही गं सुमे. कुणाला कळू देऊ नको.”

अथेन्सची एक गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले आहे. एका अडाणी शेतकऱ्याने मतदानाच्या दिवशी शेजारच्या अनोळखी माणसाला खापरी दिली आणि एका पुढाऱ्याचं नाव लिहायला सांगितलं. तो अनोळखी माणूस म्हणजे तोच पुढारी. त्याने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून खापरी परत दिली. प्रामाणिकपणा कशाला म्हणतात, मुलांनो, तर याला — असं मी फळ्यापाशी उभं राहून म्हणायचे. आवाज चढवून म्हणायचे.

मी अक्कांच्या खापरीवर अक्कांचं नाव कोरलं.

कोरलं आणि त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ती खापरी स्वतः नेऊन टोपलीत टाकली.

मोजायला मीच. रेवाने तन्मयचं लिहिलं होतं, तन्मयने अक्कांचं, सोहमने रेवाचं. इतकी वर्षं पेपर तपासलेत, कुणाचं अक्षर कुठलं ते कळतं मला. खरं मत पडलं असतं तर तन्मय गेला असता आणि दोन मिनिटं तोंड वाकडं करून परत आला असता. मी जाहीर केलं, अक्का, दोन मतं. आणि कुणी हात लावायच्या आत चारही खापऱ्या केरात टाकल्या.

तन्मयने लगेच हात वर केला, एक माझं होतं म्हणाला. दुसरं कुणाचं? रेवा शपथा घ्यायला लागली. सोहमही नाही म्हणाला, पण आठवडाभरापूर्वीचं त्याचं वाक्य सगळ्यांना आठवत होतं. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाल्या, चला, फिलोनराव निघाले, आणि जिन्याने एकट्या खाली गेल्या. तो हात धरायला उठला होता. त्यांनी धरू दिला नाही.

दोन दिवसांनी सोहम माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. मिसरूड फुटलेला पोरगा.

“छोटी आजी, तू मोजलंस ना? तिला सांग ना, मी नव्हतं लिहिलं. ती माझ्याशी बोलत नाहीये.”

मी म्हटलं, “मतदान गुप्त असतं रे राजा.”

हे वाक्य पुन्हा वाचा हवं तर. खापरीवरचं सोडा — खापरी रागाच्या भरात कोरली असं म्हणता येईल. पण या मुलाने माझं काय केलं होतं? काही नाही. तो अक्कांना प्यारा होता, एवढंच. मला ते पुरलं.

अक्कांनीही एकदा विचारलं. सोहम होता का त्यात? मी म्हटलं, मी काय सांगू अक्का, आणि मान खाली घातली. मान कशी आणि किती घालायची, ते मला बरोबर जमलं. त्या परत कधी वर आल्या नाहीत. दिवाळीनंतर लेकीकडे येवल्याला राहायला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. घरातलं माणूस म्हणजे घरातलं माणूसच असं वाटलं होतं, म्हणाल्या जाताना. पोरांनी मला कितीदा तरी विचारलं, फिलोनरावांची दहा वर्षं कधी संपणार? खेळातली दहा वर्षं सूत्रधार एका वाक्यात संपवू शकतो. मी ते वाक्य बोलले नाही.

सोहम आता नोकरीला लागला. मागच्या वर्षी त्याने बरेच महिने साठवून माझ्यासाठी पैठणी आणली. येवल्याहून. मागावरून उतरताना बघून आणली म्हणाला. मी विचारलं, आजीला भेटलास? तो म्हणाला, नाही, तिला आवडलं नसतं.

मी ती पैठणी नेसले. एसटीने येवल्याला गेले, अक्कांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. त्यांनी पदर बोटांत धरून चाचपला, डोळ्यांजवळ नेला. कुणी दिली गं, म्हणाल्या.

मी सोहमचं नाव सांगितलं.

त्यांनी पदर सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तशीच बसून राहिले, अंधार पडेपर्यंत. मला फार बरं वाटत होतं.